फौंड्रीत २ वर्षं काढल्यावर मटेरिअल्समध्ये एम.टेक. करावं का?

शिरोलीचा_लॅबवाला

नमस्कार मंडळी. मेकॅनिकलमधून बी.ई. झालो आणि २ वर्षं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या (ओतकामाच्या कारखान्याच्या) लॅबमध्ये आहे. स्पेक्ट्रोचं (धातूत काय किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचं) सँपल, वाळूची ओल, मायक्रोस्कोप, सगळं माझ्याकडेच.

एसजी आयर्नचा, म्हणजे मॅग्नेशियम टाकून ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात आणलेल्या बिडाचा, एक ब्रॅकेट आहे. हीटचे (एका वेळी वितळवलेल्या रसाचे) पहिले मोल्ड (साचे) व्यवस्थित निघतात, शेवटच्या चार-पाच मोल्डमधले तुकडे गिऱ्हाइकाच्या तपासणीत परत येतात. मी एक तुकडा कापला, पॉलिश केला, मायक्रोस्कोपखाली धरला. ग्रॅफाइटच्या गोळ्या असायच्या तिथं अळ्यांसारखे लांबट, जाडसर आकार. साहेबांनी सांगितलं, मॅग्नेशियम वाढव. वाढवलं. मग पातळ कडांना कार्बाइड (लोखंड-कार्बनचं कडक संयुग) आलं, ड्रिल जळायला लागले आणि जाड भागात श्रिंकेज (धातू आकसून पडलेली पोकळी) निघालं. असं का होतंय म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, "असंच असतंय."

त्या उत्तरावर मला झोप लागत नाही. कॉलेजात आयर्न-कार्बन डायग्राम परीक्षेपुरता पाठ केला होता, आता तो खरंच समजून घ्यावासा वाटतोय. पण वडील हुपरीला चांदीच्या कामाला आहेत, बहीण बी.एस्सी.ला आहे आणि माझ्या पगारातले १२ हजार दर महिन्याला घरात जातात. मेकॅनिकलवाल्यानं गेटचा (एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेचा) कुठला पेपर द्यावा? मटेरिअल सायन्स आणि मेटलर्जी एकच का? आणि शिकून परत याच लॅबमध्ये, याच खुर्चीवर बसायचं असेल तर २ वर्षं घालवावीत का?

राजारामपुरी_९वी_गल्ली

माझा रस्ता वेगळा आहे, म्हणून थोडक्यात. मी शिवाजी विद्यापीठात फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं, थिन फिल्मवर पीएच.डी. करतोय. काचेच्या पट्टीवर रासायनिक द्रावणातून ऑक्साइडचा थर बसवायचा आणि तो किती चार्ज साठवतो ते मोजायचं. इथल्या फिजिक्समध्ये या कामाची जुनी परंपरा आहे. मटेरिअल सायन्स म्हणजे फक्त धातू नाही, एवढं लक्षात ठेव. सिरॅमिक, पॉलिमर, सेमीकंडक्टर सगळं त्यात येतं. मेटलर्जी हा त्यातला धातूंचा भाग, आणि तुझा प्रश्न सरळ तिथलाच आहे. पुढे पीएच.डी.चा विचार केलास तर नेट-जेआरएफची फेलोशिप २०२३ पासून महिना ३७ हजार आहे. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्याही फेलोशिप असतात, आपण कशात बसतो ते बघून ठेव.

गंगावेशीतली

भावा, तुझी पोस्ट दोनदा वाचली. मीही मेकॅनिकलचीच. एम.टेक. मटेरिअल्समध्ये केलं, आता पीएच.डी.चं शेवटचं वर्ष आहे.

आधी तुझ्या ब्रॅकेटचं बोलू, कारण एम.टेक. करावं की नाही याचं उत्तर त्यातच आहे. मॅग्नेशियम साधारण १०९० अंशांना उकळतं. तुझा रस लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) १४०० अंशांच्या वर असतो. म्हणजे आत पडल्या क्षणापासून ते वाफ होऊन निघून जायला बघतंय, आणि जे उरतं त्यावर गंधक आणि ऑक्सिजन टपलेले असतात. म्हणून तर आपण शुद्ध मॅग्नेशियम न टाकता फेरोसिलिकॉनबरोबरचा मिश्रधातू टाकतो, म्हणजे ते जरा सबुरीनं सुटतं. ते जाणार हे नक्की. पण दहा मिनिटांत किती जाणार? ते लॅडलच्या तोंडावर, तापमानावर, वरच्या स्लॅगवर (मळीवर) अवलंबून.

"होणार का" हा थर्मोडायनॅमिक्सचा प्रश्न आणि "किती वेळात होणार" हा कायनेटिक्सचा. मला हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे एम.टेक.च्या पहिल्या सेमिस्टरला कळलं आणि खरं सांगते, त्या दिवशी हॉस्टेलवर जाऊन आईला फोन केला होता. चार वर्षं जे एकच समजत होते ते दोन निघालं. तुझे साहेब मॅग्नेशियम कमी पडतंय म्हणाले ते बरोबरच होतं. पण शेवटच्या मोल्डला कमी पडतं म्हणून सगळ्याच मोल्डला जास्त दिलं, आणि मॅग्नेशियम जास्त झालं की कार्बाइडला बळ मिळतं, श्रिंकेजकडेही कल वाढतो. शिवाय इनॉक्युलंटचा (ग्रॅफाइट तयार व्हायला मदत करणाऱ्या भुकटीचा) जोरही वेळ जाईल तसा उतरतो, त्यामुळे पातळ कडा आणखी पांढऱ्या, म्हणजे कार्बाइडच्या, पडतात. तुझा खरा शत्रू वेळ आहे.

म्हणून फॉर्म भरायच्या आधी एक काम कर. एका हीटला ट्रीटमेंट (रसात मॅग्नेशियम टाकणं) झाल्यापासून घड्याळ लाव, प्रत्येक मोल्डवर खडूनं नंबर आणि मिनिटं लिही. पहिला, मधला आणि शेवटचा तुकडा कापून बघ. लॅडलमधून सुरुवातीला आणि शेवटी स्पेक्ट्रोचं सँपल घे. सगळं वहीत लिही. मुलाखतीत ही वही तुझ्या टक्क्यांपेक्षा जास्त बोलेल.

गेटचं म्हणशील तर तुझ्यासाठी दोन वाटा. एमटी हा पूर्ण मेटलर्जीचा पेपर, त्याला एक्स्ट्रॅक्शनपासून (खनिजातून धातू काढण्यापासून) सगळं नव्यानं वाचावं लागेल. एक्सई म्हणजे इंजिनिअरिंग सायन्सेस, त्यात इंजिनिअरिंग मॅथ्स सक्तीचं आणि बाकीचे दोन विभाग आपण निवडायचे. मटेरिअल सायन्सबरोबर सॉलिड मेकॅनिक्स किंवा थर्मोडायनॅमिक्स घेतलं तर तुझं निम्मं वाचून झालंय. नोकरी सांभाळून मी एक्सईच दिला असता. स्कोअर ३ वर्षं चालतो. पवईची आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, सगळीकडे हा विभाग आहे. कुठला पेपर कुठे चालतो ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघ. गेटवर घेतलेल्या एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये मिळतात. त्यात तुझं भागेल, घरी पाठवायला उरणार नाही. हे वडिलांना आत्ताच सांग, नंतर सांगणं जड जातं.

एक चूक माझ्याकडून झाली ती सांगते. मी गाइड निवडताना "नॅनो" हा शब्द बघितला, काम बघितलं नाही. ८ महिने पावडर बनवत आणि एसईएमच्या (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) नंबराची वाट बघत गेले आणि मला त्या पावडरबद्दल विचारावंसं काहीच वाटेना. मग विषय बदलून ॲल्युमिनियमच्या घनीकरणावर आले, तेव्हा कुठे रात्री लॅबमध्ये थांबावंसं वाटायला लागलं. तुझ्याकडे प्रश्न आधीच आहे. तो घेऊन जा आणि ओतकाम, घनीकरण यावर खरंच काम करणारा माणूस शोध. संस्थेचं नाव त्यानंतर.

उद्यमनगर_काका

बाळा, माझी फौंड्री छोटी आहे, ग्रे आयर्नची. वडिलांच्या काळी क्युपोला (कोकवर चालणारी भट्टी) होता, ऑइल इंजिनचे भाग ओतायचे. कोकमधलं गंधक रसात उतरायचं, त्यामुळे एसजीचा विचारही कुणी करत नव्हतं. इंडक्शन फर्नेस (विजेची भट्टी) आली आणि ते जमायला लागलं. का जमलं हे मला आज या ताईंचं वाचून नीट कळलं, ४० वर्षं धंदा केल्यावर.

पगाराचं खरं सांगतो. आमच्यासारखा छोटा कारखाना एम.टेक.वाल्याला त्याच्या शिक्षणाएवढा पगार देऊ शकत नाही. मोठ्या वाहन कंपन्यांच्या संशोधन विभागात देतात. पण रिजेक्शनचा ढीग परत भट्टीत टाकताना वीज दुसऱ्यांदा जळते, मजुरी तर गेलेलीच असते. तो ढीग कमी करणारा माणूस चार फौंड्र्यांनी मिळून ठेवला तरी परवडेल. तू शिकून आलास तर पहिला फोन मला कर.

शिरोलीचा_लॅबवाला

ताई, काका, सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण घड्याळ लावून बसलो होतो.

ट्रीटमेंटनंतर पहिला मोल्ड तिसऱ्या मिनिटाला, शेवटचा सोळाव्या. लॅडलमधलं मॅग्नेशियम सुरुवातीला ०.०४२ टक्के, शेवटी ०.०२८. अळ्या अकराव्या मिनिटाच्या मोल्डपासून दिसायला लागतात. साहेबांना वही दाखवली. त्यांनी काही न बोलता पानं उलटली आणि दुसऱ्या दिवशी एकाच्या जागी दोन छोट्या लॅडलमध्ये ट्रीटमेंट करायला परवानगी दिली. मॅग्नेशियम पुन्हा पहिल्याइतकंच केलंय. आता शेवटचा मोल्ड आठव्या मिनिटाला भरतो. चार हीट झाल्या, ब्रॅकेट परत आलेला नाही.

वडिलांना १२,४०० चा आकडा सांगितला. ते म्हणाले, चांदी आटवताना आम्हीही रंग बघून ओततो, का ते कुणी सांगितलं नाही, तू शिकून ये. बहीण शिकवण्या घेणार म्हणते.

एक्सईचा फॉर्म भरतोय, मटेरिअल सायन्स आणि थर्मोडायनॅमिक्स. ताई, एक शंका राहिली: दुसऱ्या लॅडलचा रस फर्नेसमध्ये जास्त वेळ थांबतो, तेवढ्यात त्यातला कार्बन उतरत असेल का? उद्या फर्स्ट शिफ्टला सँपल घेतोय.