सरावासाठी बांधलेल्या खोट्या गावांचे फोटो: याला डॉक्युमेंटरी म्हणायचं का?

रेघोट्या (धागाकर्ता)
परवा नागपुरात धरमपेठेत आमच्या फोटोग्राफी ग्रुपच्या बैठकीत एकाने लष्कर-पोलिसांच्या सरावासाठी उभारलेल्या गावांचे फोटो दाखवले. ऑस्ट्रियाचा ग्रेगर सायलर, इंग्लंडची सारा पिकरिंग, आणि इस्रायली लष्कराचं नेगेव वाळवंटातलं 'शिकागो' टिपणारे ब्रूमबर्ग आणि चॅनरिन. सगळे वाहवा करत होते. मी चिडून घरी आलो.

पिकरिंगचं 'डेंटन' घ्या. लंडनच्या पोलिसांना दंगल हाताळायला शिकवायचं म्हणून ग्रेव्हसेंडला बांधलेलं. नाइटक्लब आहे, भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे, आणि मागच्या बाजूला गेलं की काही नाही. (हिवाळी अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्सच्या भिंतींना रंग लागतो, त्यातलाच प्रकार. असो.) जर्मनीतल्या श्नोगर्सबुर्ग या सरावगावात तर मेट्रोचा बोगदासुद्धा आहे, जागा सहा चौरस किलोमीटरच्या आसपास!

या बहुतेक फोटोंत सगळं देखणं. मऊ उजेड, सरळ रेषा, माणूस नाही. माझा आक्षेप तिथेच. ज्यांच्या गल्लीची ही नक्कल, त्यांना बांधणाऱ्यांनी वगळलं आणि फोटोग्राफरनेही वगळलं. वरून आत जायची परवानगी लष्कराचीच, म्हणजे त्यांना दाखवायचं तेवढंच दिसणार.

सुभेदार, कामठी
भाऊ, बावीस वर्षं फौजेत काढली म्हणून लिहितो. खोलीत शिरणं फळ्यावर शिकवता येत नाही. दार कोणी ढकलायचं, कोपरा कोणी पाहायचा, पाठ कोणी सांभाळायची, हे पायांना कळावं लागतं. आमच्याकडे पुठ्ठ्याच्या माणसांत बाईमाणूस असे, पोरगंही असे. त्याला गोळी लागली की उस्तादाच्या शिव्या अन् मैदानाला चकरा. ते गाव रिकामं असतं म्हणून तुम्हाला खुपतं. मग काय माणसं भरून सराव करायचा?

टिकलीवाली
सुभेदारकाका, भरतात की! कॅलिफोर्नियात अमेरिकी लष्कराच्या फोर्ट अर्विन तळावरच्या सरावगावांत इराक युद्धाच्या काळात इराकी वंशाचे लोक पगार घेऊन गावकरी व्हायचे. क्लेअर बेकेटने अशाच लोकांचे फोटो काढलेत, आणि अरबी कपडे घालून बंडखोर बनलेल्या अमेरिकन सैनिकांचेही. म्हणजे 'माणूस नाही' हा धागाकर्त्याचा आरोप सगळ्यांना लागू होत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. नक्कल नेहमी कोणाच्या घराची होते? माझं आजोळ गडचिरोलीकडचं. कुडाच्या भिंती, अंगणात मोहफुलं वाळत घातलेली, दार इतकं ठेंगणं की सवय नसलेल्याचं कपाळ आपटतंच. उद्या कुणी सरावासाठी तसं घर बांधलं आणि त्याचा फोटो पडद्यावर आला, तर तुम्ही उजेड बघाल. माझी मान आधी खाली वाकेल.

बर्डीचा बाप्पा
नळाले पाणी नाही येऊन राहिलं अन् तुमचं जर्मनीतलं मेट्रो सुरू. चालू द्या.

जुना निकॉन
रेघोट्या, तू फोटो पाहिलेस, पण घाईने पाहिलेस. 'शिकागो'तल्या घरांच्या भिंतींना आधीच भोकं ठेवलेली आहेत. सैनिकांनी रस्त्यावर न येता एका घरातून दुसऱ्या घरात घुसावं म्हणून. २००२ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या नाबलुस शहरात इस्रायली सैनिकांनी हेच केलं होतं, तिथे भिंती लोकांच्या राहत्या घरांच्या होत्या. त्या फ्रेममध्ये माणूस उभा केला असता तर तू त्याच्या चेहऱ्याकडे पाहत बसला असतास, भोकाकडे तुझं लक्ष गेलं नसतं. रिकामी फ्रेम म्हणजे दर वेळी पळवाट नसते.

परवानगीचं म्हणशील, तर १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याच्या देशात बसून परवानगी न घेण्याचा हा आग्रह जरा महाग आहे. आपला लष्कराच्या ताब्यातला सीताबर्डीचा किल्लासुद्धा वर्षातले मोजके दिवस उघडतो. मिळाली परवानगी तर आत जायचं आणि त्यांना दाखवायचं नव्हतं ते शोधायचं, एवढंच हातात असतं.

रेघोट्या
भोकांचा मुद्दा मान्य. ती मला दिसलीच नव्हती.

पण इंग्लंडमधलं इंबर पाहा. ते खरं गाव. डिसेंबर १९४३ मध्ये सरावासाठी रिकामं केलं, लोकांना ४७ दिवसांची मुदत. युद्ध संपलं की परत येऊ म्हणून निघाले, ते कायमचे. पुढे १९७० च्या दशकात उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या सैनिकांसाठी तिथे घरांचे नुसते सांगाडे बांधले. म्हणजे एका बाजूला जुनं चर्च, दुसरीकडे कोणी कधीच न राहिलेली घरं. फोटोखाली दोन ओळी नसतील तर पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच पडीक. आमच्या बैठकीत एकाही फोटोखाली ओळ नव्हती. कॅमेरा आणि लेन्स मात्र सांगितली!

जुना निकॉन
ही तक्रार बैठकवाल्यांची झाली, फोटोग्राफरची नाही.

सुभेदार, कामठी
पोरी, तुझं आजोळाचं वाचलं अन् रात्री बराच वेळ झोप नाही लागली. आम्हाला घराला नंबर असायचा. चार नंबर क्लिअर, पाच नंबर क्लिअर. आत चूल कुठे असते, म्हातारी कुठे निजते, हे कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पाऊल अडखळलं असतं, असंही वाटते. सराव पाहिजेच, त्याच्यावर मी आजही ठाम आहे. पण चूल कुठे असते तुमच्याकडे?

टिकलीवाली
मागच्या खोलीत, काका. दारातून दिसत नाही.