लहानपणीचे पटावरचे खेळ: जुना पट बरा की थीमवाली आवृत्ती?

सोंगटीहरवली:
गेल्या आठवड्यात माळ्यावरून जुना मोनोपॉली काढला, म्हणजे जागा विकत घेऊन भाडं वसूल करायचा तो खेळ. खोक्याचे कोपरे चिकटपट्टीने जोडलेले, पट दुमडून दुमडून घडीवरचे दोन चौकोन पुसट झालेले, आणि हरवलेल्या कुत्र्याच्या सोंगटीच्या जागी शर्टाचं बटण. त्याच संध्याकाळी भाची तिचा मोनोपॉली घेऊन आली, कुठल्याशा अंतराळपटाच्या थीमचा. दोन्ही खेळलो.

माझं मत सरळ आहे. थीमवाल्या आवृत्त्या म्हणजे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. रस्त्यांच्या जागी ग्रह, घरांच्या जागी तळ, नोटांवर कुणाचे तरी चेहरे. खाली खेळ तोच. वर आणखी विनोद असा, की आख्खा ग्रह विकत घ्यायचा आणि तिथे उतरणाऱ्या योद्ध्याकडून भाडं मागायचं! निदान रस्त्याचं भाडं समजतं तरी.

पण खरं सांगायचं तर जुना पटही तीन तास चालला आणि शेवटी दोघं जांभया देत उठून गेले. लहानपणी हाच खेळ सुट्टीभर कसा खेळायचो, कळत नाही.

उभाआडवा:
"रस्त्याचं भाडं समजतं"? कुठले रस्ते ते तरी माहीत होते का तुम्हाला? पार्कर ब्रदर्स या अमेरिकी खेळ कंपनीने 1935 मध्ये बाजारात आणलेल्या पटावरचे रस्ते अमेरिकेतल्या अटलांटिक सिटीचे. त्यातलं मार्विन गार्डन्स तर स्पेलिंग चुकवून छापलेलं, मूळ नाव मार्वेन. लगेच 1936 मध्ये लंडनचे रस्ते घालून दुसरा पट निघाला. म्हणजे दुसऱ्याच वर्षी थीम बदलली. जगातल्या बहुतेक मुलांसाठी लंडनचं मेफेअर काय आणि परग्रह काय, दोन्ही सारखेच लांब. तुम्ही ज्याला जुना, अस्सल म्हणताय तीसुद्धा एक आवृत्तीच आहे. फक्त ती तुमच्या हातात आधी पडली.

नियमपुस्तिका:
थीमचं तुम्ही बघा. मला त्या तीन तासांबद्दल विचारायचंय. कुणी जागा घ्यायला नाही म्हटलं की लिलाव केलात का?

सोंगटीहरवली:
लिलाव? नाही म्हटलं की पुढच्याचा डाव.

नियमपुस्तिका:
वाटलंच. नाचता येईना अंगण वाकडं! पहिल्यापासूनचा नियम आहे, जागा नाकारली की बँक तिथल्या तिथे लिलाव करते आणि नाकारणाराही बोली लावू शकतो. तो गाळला की अर्ध्या जागा बेवारस राहतात, एका रंगाच्या सगळ्या जागा कुणाच्याच हाती येत नाहीत, आणि सगळे नुसते गोल गोल फिरत बसतात. शिवाय दंडाचे पैसे पटाच्या मध्यात साठवून फ्री पार्किंग या चौकोनावर येणाऱ्याला देत असाल, तर तोही नियम पुस्तिकेत नाही. बुडणाऱ्याला पुन्हा पैसे मिळाले तर खेळ संपणार कसा?

आणखी एक गंमत. घरं मोजून 32 आणि हॉटेलं 12 असतात. घरं संपली की संपली, कागदाचे तुकडे ठेवून चालत नाही. म्हणून जाणता खेळाडू प्रत्येक जागेवर चार घरं बांधतो आणि हॉटेल मुद्दाम घेत नाही, कारण घेतलं तर चार घरं बँकेला परत जातील आणि समोरच्याला मिळतील. हा खेळ लहानपणी आपल्यापैकी किती जण खेळलो?

सोंगटीहरवली:
एकही नाही. आणि हो, आमच्याकडे कागदाचे तुकडे होते.

मधलंघर:
उभाआडवा यांचं पटलं, पण अर्धंच. मोनोपॉलीचं मूळ त्याहून जुनं आहे. लिझी मॅगी या बाईंनी 1904 मध्ये 'द लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट मिळवलं. जमिनी मूठभरांच्या हातात गेल्या की बाकीचे कसे भिकेला लागतात, हे दाखवायला त्यांनी तो केला. पुढे त्याला नियमांचे दोन संच होते: एकात मक्तेदारी करून सगळ्यांना बुडवायचं, दुसऱ्यात संपत्ती वाढली की सगळ्यांचा फायदा. लोकांनी पहिला उचलला, दुसरा विसरले. 1935 मध्ये श्रेय मिळालं ते पार्कर ब्रदर्सला खेळ विकणाऱ्या चार्ल्स डॅरोला.

तेव्हा तुमचे ते तीन तास, ज्यात एक जण गब्बर होतो आणि बाकीचे हळूहळू, कंटाळत कंटाळत बुडतात, ते मूळ कल्पनेला धरूनच आहेत. कंटाळा हाच धडा होता.

सापशिडीचंही तेच. मोक्षपट, ज्ञानचौपड या तिच्या जुन्या रूपांत साप म्हणजे दुर्गुण, शिड्या म्हणजे सद्गुण, आणि साप शिड्यांपेक्षा जास्त, कारण मोक्ष सोपा नाही. परंपरा मोक्षपटाचा संबंध थेट ज्ञानेश्वरांशी जोडते. तो पट इंग्लंडात गेला, तिथे काटकसर, कष्ट, पश्चात्ताप असे त्यांचे गुण आले, आणि पुढे बऱ्याच पटांवर साप-शिड्यांची संख्या सारखी झाली. नंतर तर गुणांची नावंही गेली. आपण लहानपणी जो 'साधा' पट खेळलो, तो थीम खरवडून काढलेला पट. जुन्या पटात दान आपल्या हाती नसणं यालाच अर्थ होता. थीम काढल्यावर उरलं काय? नुसते फासे.

रडीचाडाव:
एवढं तत्त्वज्ञान सहा वर्षांच्या पोराला सांगून बघा. त्याला 98 वरचा साप चावला की तो पट उधळतो, विषय संपला.

उभाआडवा:
मधलंघर, म्हणजे तुम्हीही थीमच्याच बाजूचे. मग अर्धं कशाला?

मधलंघर:
कारण थीम नियमांत उतरली तरच तिला थीम म्हणेन. नुसता रंग दिला तर सोंगटीहरवली बरोबर आहेत. उदाहरण रिस्कचं, म्हणजे सैन्य घेऊन जग जिंकायच्या खेळाचं. मूळ खेळ 1957 चा फ्रेंच, 42 प्रदेश, आणि कधी संपेल त्याचा नेम नाही. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या थीमवाल्या एका रिस्कमध्ये अंगठी पटावरून पुढे सरकत राहते आणि ती डूम पर्वतात नष्ट झाली की खेळ तिथेच थांबतो. गोष्टीने खेळाला घड्याळ दिलं. याला म्हणतात थीम.

शब्दवेडी:
अक्षरं जुळवून शब्द करायच्या आमच्या स्क्रॅबलची खरी थीम म्हणजे भाषा. इंग्रजीत 'झेड' दहा गुणांचं, मिळालं की माणूस हरखतो. पोलिश संचात तेच अक्षर एका गुणाचं, कारण तिथे ते पावलोपावली लागतं. स्क्रॅबलचा कर्ता आल्फ्रेड बट्सने वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून प्रमाण ठरवलं होतं, आणि 'एस' मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो अनेकवचन करून गुण लाटेल. फक्त खोक्याचं चित्र बदललेलं स्क्रॅबल मी विकत घेणार नाही.

धाकटीचीआई:
सगळे नियमांवर बोलताय. मुलांना रंगानेही फरक पडतो. 2015 मध्ये स्टार वॉर्सच्या मोनोपॉलीत चार सोंगट्या होत्या आणि चित्रपटाची नायिका रे त्यात नव्हती! केवढा गदारोळ झाला, आणि कंपनीला तिची सोंगटी देऊ असं सांगावं लागलं. नियम एकही बदलला नव्हता, तरी ज्या मुलीला 'मी रे होणार' म्हणायचं होतं तिच्यासाठी खेळ सुरूच होत नव्हता. तुम्हाला तुमचं कुत्रं हरवल्याचं आजही आठवतंय ना?

सोंगटीहरवली:
हे मात्र लागलं. कुत्रं खरंच आठवतं. 2017 मध्ये अंगुस्ताना, बूट आणि एकचाकी गाडी काढून डायनोसॉर, बदक आणि पेंग्विन आणले तेव्हाही मी चिडलो होतो, आणि बुटाला तर मी आयुष्यात हात लावला नव्हता.

पण ग्रहाच्या भाड्याचं माझं म्हणणं मी सोडत नाही.

सोंगटीहरवली:
रविवारचा वृत्तांत. जुनाच पट, लिलावासह, फ्री पार्किंगवर छदाम नाही. दीड तासात संपला. भाचीने पहिल्या लिलावात माझी बोली मुद्दाम वर चढवली आणि ऐन वेळी अंग काढून घेतलं. नको असलेली जागा माझ्या गळ्यात, तीही छापील किमतीच्या वर. पुढे चार-चार घरांची युक्ती मी तिला कौतुकाने समजावली, ती तिने माझ्यावरच वापरली. बटण तिने मागून घेतलं, आणि मला तिच्या खोक्यातलं अंतराळयान घेऊन खेळावं लागलं.

नियमपुस्तिका:
बँक कुणाकडे होती, ते आधी सांगा.