स्कझी कमांडला पॅक्ड स्ट्रक्ट नको, साधा बाइट अ‍ॅरे हवा. तुमचं मत?

मकरपुरा_फर्मवेअर

शनिवारी दांडिया बाजारात आपली मंडळी जमली होती तेव्हा हा वाद निघाला आणि अर्धवटच राहिला, म्हणून इथे मांडतोय. जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात: आमचा डेटा लॉगर पेनड्राइव्हवर नोंदी लिहितो आणि पेनड्राइव्हशी बोलणारा ड्रायव्हर आम्हीच लिहिलाय. प्रश्न असा, की ड्रायव्हरमध्ये स्कझी कमांड (डिस्कला ‘वाच’, ‘लिही’ असं सांगणारे ठरलेले बाइट) कुठल्या डेटा टाइपमध्ये ठेवायची? टीममधल्या मुलांनी प्रत्येक कमांडचं पॅक्ड स्ट्रक्ट (सदस्यांमध्ये रिकामे बाइट न सोडणारी सी मधली रचना) करून सगळ्यांचं मिळून एक युनियन (सगळी स्ट्रक्ट एकाच जागेवर) बांधलं होतं. मी ते काढायला लावलं. १६ बाइटांचा साधा अ‍ॅरे ठेवा आणि त्यात आकडे भरायला दोन-चार छोटी फंक्शनं लिहा, असं माझं ठाम मत आहे.

कारण सांगतो. रीड-१० ही रोजच्या वापरातली कमांड घ्या. बाइट ० ऑपकोड, म्हणजे कुठली कमांड ते, हेक्स २८. बाइट १ फ्लॅग. बाइट २ ते ५ मध्ये एलबीए, म्हणजे कुठल्या ब्लॉकपासून वाचायचं ते. बाइट ६ ग्रुप नंबर, ७ आणि ८ मध्ये किती ब्लॉक वाचायचे, ९ कंट्रोल. आता हेच सी मध्ये सरळ स्ट्रक्ट म्हणून लिहा. ३२ बिटांचा एलबीए चारच्या पटीतल्या पत्त्यावर बसवायला कंपायलर मध्येच दोन बाइट घुसडतो, ब्लॉकसंख्या ७ वरून १० वर सरकते आणि १० बाइटांची कमांड १६ बाइटांची होऊन बसते. म्हणून मग पॅक्ड लावायचं. म्हणजे पहिल्याच पावलाला कंपायलरची समजूत काढावी लागते.

पुढची गंमत यूएसबीत. तिथे ही कमांड ३१ बाइटांच्या कमांड ब्लॉक रॅपरमध्ये जाते. सुरुवातीला ५५ ५३ ४२ ४३ ही खूण, मग टॅग (उत्तर कुठल्या कमांडचं ते जुळवायचा क्रमांक), डेटाची लांबी, दिशा, लन (यंत्रातल्या डिस्कचा क्रमांक), कमांडची लांबी आणि १५व्या बाइटपासून खुद्द कमांड. ५१२ बाइटांचे ८ ब्लॉक वाचायचे असतील तर रॅपरमध्ये ४०९६ ही लांबी ०० १० ०० ०० अशी लिटल एंडियन (खालचा बाइट आधी) जाते, आणि आतल्या कमांडमध्ये ८ हा आकडा ०० ०८ असा बिग एंडियन (वरचा बाइट आधी). एकाच ३१ बाइटांत दोन्ही रीती! मुलांच्या स्ट्रक्टमध्ये दोन्हीकडे नुसतं यूइंट (अनसाइन्ड पूर्णांक) लिहिलेलं. वाचणाऱ्याला कसं कळणार कुठला आकडा उलटायचा? तेच फंक्शनच्या नावात ‘बिग एंडियन ३२’ असं असलं, की त्या ओळीवर बोट ठेवून तपासता येतं.

आणि हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न नाही. पॅक्ड स्ट्रक्टमधल्या एलबीएचा पत्ता घेऊन तो साध्या यूइंट३२ पॉइंटरसारखा दुसऱ्या फंक्शनला दिला होता. कॉर्टेक्स-एम४ प्रोसेसरच्या बोर्डावर सगळं सुरळीत चाललं. स्वस्तातल्या एम० वर तोच कोड टाकला आणि पहिल्याच रीडला हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसर चूक पकडून थांबलाच. एम० ला विषम पत्त्यावरचं ३२ बिटांचं वाचन झेपतच नाही. स्ट्रक्टमधून थेट वाचलं असतं तर कंपायलरनं बाइट-बाइट करून सांभाळून घेतलं असतं, पण पॉइंटर हाती गेल्यावर त्याला पॅक्डपणाचा पत्ताच राहत नाही.

लिनक्सचा एसडी (स्कझी डिस्क) ड्रायव्हर बघा. कमांडच्या अ‍ॅरेत ० व्या जागी ऑपकोड आणि २ ऱ्या जागेपासून पुट-अनअलाइन्ड फंक्शनानं एलबीए. लिनक्सवरच्या स्कझी डिस्क याच रीतीनं चालतात.

रावपुरा_कर्नल

काका, शनिवारीही म्हटलं होतं, इथे नीट लिहिते. तुमचा हार्डफॉल्ट खरा, पण दोष पॉइंटर पळवण्याचा होता. जीसीसी कंपायलरच्या ९ व्या आवृत्तीपासून पॅक्ड सदस्याचा पत्ता घेतला की कंपायलर आपण होऊन वॉर्निंग देतो. ती वाचायची शिस्त लावा, स्ट्रक्ट कशाला फेकता?

बाइट अ‍ॅरेचा माझा अनुभव सांगते, कारण तो शुद्ध सोवळा असल्यासारखं तुम्ही लिहिलंय. रीड कपॅसिटी-१० या कमांडचं उत्तर ८ बाइटांचं: पहिल्या चारांत शेवटच्या ब्लॉकचा क्रमांक, पुढच्या चारांत ब्लॉकचा आकार. २ टीबीच्या नेहमीच्या डिस्कवर ३९०७०२९१६८ सेक्टर (५१२ बाइटांचे ब्लॉक) असतात, म्हणजे शेवटचा क्रमांक ३९०७०२९१६७, आणि बाइट येतात ई८ ई० ८८ एएफ. आता बहुतेक जण काय करतात? पहिला बाइट २४ ने डावीकडे शिफ्ट, दुसरा १६ ने, आणि सगळे ऑर करून ६४ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये. सी मध्ये तो ई८ आधी साइन्ड (ऋण आकडेही धरणारा) इंट होतो, शिफ्ट झाल्यावर चिन्हाचा बिट पेटतो आणि ६४ बिटांत जाताना वरचे सगळे बिट १ होतात. डिस्कचा आकार अवाच्या सवा दिसतो. १ टीबीच्या डिस्कवर हे कधीच दिसत नाही, कारण तिचे १९५३५२५१६८ सेक्टर ३१ बिटांत मावतात. ऑफिसातल्या सगळ्या टेस्ट डिस्क १ टीबीच्या असल्या, तर हा दोष थेट गिऱ्हाइकाकडे जाऊन उगवतो.

टाइप असता तर? लिनक्समध्ये बिग एंडियन ३२ आणि लिटल एंडियन ३२ असे वेगळे टाइप आहेत. लिनस टोरव्हाल्ड्सनी २००३ मध्ये सुरू केलेलं स्पार्स हे साधन ते तपासतं. उलटवायचं विसरलात, तर कोड चालवण्याआधीच ते बोट दाखवतं. तुमच्या बाइट अ‍ॅरेत चुकीच्या जागी चुकीचं फंक्शन वापरलं तर कोण सांगणार? सातव्या जागेऐवजी सहाव्या जागी ब्लॉकसंख्या लिहिली तरी कंपायलर खूशच.

लिनक्समधला एनव्हीएमईचा (नव्या एसएसडींशी बोलायच्या पद्धतीचा) ड्रायव्हर उघडून बघा. ६४ बाइटांची कमांड, स्ट्रक्टांचं युनियन, प्रत्येक सदस्य एंडियनसकट घोषित, आणि बिल्डच्या वेळीच तपासणी की आकार ६४ च आहे. आकार एका बाइटनं जरी बदलला तर कर्नल कंपाइलच होत नाही. यापेक्षा भक्कम काय हवं?

मकरपुरा_फर्मवेअर

रावपुरा, हातानं शिफ्ट करा असं मी कुठे म्हटलं? शिफ्ट त्या दोन-चार फंक्शनांत एकदाच, अनसाइन्ड कास्टसकट, आणि बाकी कोडमध्ये बंदी. तुझा दोष नियम मोडल्याचा आहे.

एनव्हीएमईचं उदाहरण इथे लागू होत नाही. ती कमांड नव्यानं आखली गेली, सगळी लिटल एंडियन, ३२ बिटांचे आकडे चारच्या पटीत, ६४ बिटांचा एलबीए आठच्या पटीत. तिथे पॅक्ड लागतच नाही. तिथे स्ट्रक्ट घ्या, माझी हरकत नाही. स्कझीचा नकाशा त्या काळचा आहे जेव्हा बाइट वाचवायचे होते. रीड-६ मध्ये एलबीए २१ बिटांचा! बाइट १ चे खालचे ५ बिट आणि पुढचे दोन बाइट. स्कझी-२ मध्ये त्याच बाइट १ चे वरचे ३ बिट लनचे. याचा स्ट्रक्ट कसा लिहिणार?

कलाभवन_तिसरं_वर्ष

काका, बिटफील्डनं (स्ट्रक्टमधल्या मोजक्या बिटांच्या सदस्यांनी) लिहिता येईल ना? विंडोजच्या हेडरमध्ये सीडीबी नावाचं युनियन आहे, त्यात सगळ्या कमांडची स्ट्रक्ट आहेत आणि बिटफील्डही आहेत. प्रोजेक्टसाठी आम्ही तेच बघून लिहितोय.

मकरपुरा_फर्मवेअर

बेटा, विंडोजला ते परवडतं कारण कुठल्या कंपायलरनं आणि कुठल्या प्रोसेसरवर बांधायचं ते त्यांच्या हातात आहे. एका बाइटात बिटफील्ड वरून भरायची की खालून, हे सी च्या प्रमाणानं कंपायलरवर सोडलंय. तुझा प्रोजेक्ट उद्या दुसऱ्या बोर्डावर गेला तर लन आणि एलबीए जागा बदलू शकतील आणि तुला वाटेल पेनड्राइव्ह खराब आहे. मास्क (हवे तेवढेच बिट ठेवणं) आणि शिफ्ट वापर. वाचायला थोडं जड जातं, पण कुठेही तेच बाइट निघतात.

सयाजीगंज_स्टोरेज

दोघंही फार पोटतिडकीनं लिहिताय आणि दोघांचेही मुद्दे बरोबर आहेत, पण मी स्टोरेजमध्ये जेवढे डेटा खाणारे दोष पाहिले त्यातले बरेचसे या दोन्ही उपायांतून निसटले असते. कारण ते बाइटांच्या मांडणीचे नव्हतेच. ते एककांचे होते.

‘८ ब्लॉक वाच’ एवढंच सांगायचंय. रीड-१० मध्ये ८ लिहा. एनव्हीएमईत ७ लिहा, कारण तिथे मोजणी शून्यापासून. रीड-६ मध्ये ८ च, पण तिथे ० लिहिलं तर अर्थ २५६ ब्लॉक, आणि रीड-१० मध्ये ० म्हणजे काहीच नको. लिनक्सच्या एसडी ड्रायव्हरमध्ये रीड-६ भरणाऱ्या फंक्शनात यासाठी मुद्दाम एक तपासणी ठेवली आहे: ब्लॉकसंख्या ० आली तर ओरडून एरर परत करा, नाहीतर शून्याचे २५६ होतील. राइटच्या वेळी असं झालं तर काय होईल, विचार करा.

त्याहून वाईट सेक्टरचा घोळ. लिनक्समध्ये सेक्टर-टी हा नेहमी ५१२ बाइटांच्या हिशेबानं असतो, डिस्कचा ब्लॉक कितीही असो. डिस्क ४०९६ बाइटांच्या ब्लॉकची असेल तर एलबीए त्याच्या आठव्या हिश्शाचा. रूपांतर विसरलात की डेटा आठपट पुढे जाऊन पडतो. एंडियन अचूक, आकार ६४ बाइट, स्पार्स गप्प, आणि फाइल सिस्टिमची वाट लागलेली.

उपाय टाइपनंच होतो, पण वेगळ्या जागी. सी मध्ये टाइपडेफ केल्यानं नवा टाइप होत नाही, ते दुसरं नाव असतं फक्त. म्हणून एकाच सदस्याचं स्ट्रक्ट करायचं: एक एलबीएसाठी, एक ५१२ च्या सेक्टरसाठी, एक ब्लॉकसंख्येसाठी. मशीन कोडमध्ये जवळजवळ काही फरक पडत नाही, पण एकाच्या जागी दुसरं दिलं की कंपायलर अडवतो. कर्नलनं २०१७ मध्ये ४.१३ आवृत्तीत ब्लॉक लेयरच्या (डिस्कची कामं हाताळणाऱ्या थराच्या) स्टेटससाठी वेगळा टाइप आणला, कारण तोवर सगळीकडे साधा इंट फिरत होता आणि कुठला आकडा कुठल्या अर्थाचा ते कळेनासं झालं होतं.

बाइट अ‍ॅरे की स्ट्रक्ट, हा प्रश्न शेवटच्या दहा ओळींचा. त्याआधीच्या हजार ओळींत कुठले टाइप फिरतात त्यावर भांडा.

फतेहगंज_बेअरमेटल

सयाजीगंजशी सहमत नाही. लहान मायक्रोकंट्रोलरवर एकच पेनड्राइव्ह, एकच ब्लॉक आकार. तिथे तीन-तीन वेष्टनं गुंडाळून प्रत्येक बेरजेला डॉट व्हॅल्यू लिहायचं? नवीन मुलगा ते वाचून पळून जाईल. आमच्याकडे चार जणांचा कोड आहे, चौघांनाही एलबीए म्हणजे काय ते ठाऊक आहे. एवढी हौस असेल तर रस्ट भाषेत लिहा, तिथे हे सहज होतं. लिनक्समध्येही ६.१ पासून रस्टला जागा मिळालीय.

सयाजीगंज_स्टोरेज

दादा, ‘एकच ब्लॉक आकार’ हे आज खरं. तुमच्या यंत्राला गिऱ्हाईक उद्या ४ के ब्लॉक दाखवणारी यूएसबी हार्डडिस्क लावेल, तुम्हाला विचारणार नाही. चौघांना ठाऊक आहे हे मान्य. पाचव्याला कंपायलरनं सांगावं, एवढीच माझी अपेक्षा आहे.

मकरपुरा_फर्मवेअर

एककांचे टाइप मला पूर्ण पटले. फंक्शनं एलबीए टाइप घेतील आणि बाइट लिहितील, म्हणजे सेक्टर चुकून आत शिरणारच नाही. यानं माझी बाइट अ‍ॅरेची बाजू आणखी पक्की होते, कारण बाइटांना हात लावायची दारंच मोजकी राहतात.

रावपुरा, तुझ्यासाठी एक पुरावा. लिनक्सच्या यूएसबी स्टोरेज ड्रायव्हरमध्ये ३१ बाइटांच्या रॅपरचं स्ट्रक्ट आहे, लिटल एंडियन टाइपसकट. पण त्याचा साइजऑफ (कंपायलरनं मोजलेला आकार) ३२ येतो, म्हणून लांबी ३१ अशी वेगळी घोषित करावी लागली. आणि त्याच्या आत कमांडच्या जागी काय आहे? १६ बाइटांचा साधा अ‍ॅरे.

रावपुरा_कर्नल

काका, तो पुरावा माझ्याही बाजूचा आहे. बाहेरचा भाग नियमित म्हणून स्ट्रक्ट आणि टाइप, आतला वेडावाकडा म्हणून बाइट. तुम्ही तर रॅपरसुद्धा अ‍ॅरेत कोंबायला लावलंत, मुलांचा कोड मी पाहिलाय. तेवढं तरी मागे घ्या. टॅगची तुलना करताना आता तीन ठिकाणी हातानं ऑफसेट ४ लिहिलाय, आणि तो टॅग चुकला तर जुन्या कमांडचं उत्तर नव्या कमांडला चिकटेल. लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरमध्ये याच भीतीपोटी १६ बिटांच्या कमांड आयडीतले वरचे ४ बिट वापराची फेरी मोजायला ठेवलेत आणि १२ च टॅगला. एवढी काळजी ज्या आकड्याची घेतात, त्याला तुमच्या कोडमध्ये नावसुद्धा नाही.

आणि रीड-१०, राइट-१०, रीड-१६ यांची स्ट्रक्ट मी ठेवणारच. त्यांत बिटांची भानगड जवळपास नाही, पॅक्ड लावलं आणि आकाराची तपासणी टाकली की झालं. रीड-६ माझ्या ड्रायव्हरमध्ये नाहीच, आजच्या डिस्कना १० आणि १६ पुरतात.

मकरपुरा_फर्मवेअर

रॅपरचं म्हणणं रास्त आहे. रॅपर स्ट्रक्टमध्ये, लांबी ३१ घोषित, टॅगला स्वतःचा टाइप. मुलांना आजच सांगतो. कमांड मात्र अ‍ॅरेतच राहील. तुझी तीन स्ट्रक्ट आणि माझी तीन फंक्शनं दोन्ही टाक, एम० चा बोर्ड आणि २ टीबीची डिस्क माझ्याकडे आहे, दोन्हींचे बाइट शेजारी शेजारी काढून बघू. बोर्ड न्यायला कलाभवनच्या मुलालाही पाठव, त्याचे बिटफील्डही त्याच बोर्डावर चालवून पाहू दे.