धनाग्र नेहमी 'धन'च असतं का?

सोनचाफा:
मुलगा आठवीत, मराठी माध्यम. सध्या विजेचे रासायनिक परिणाम चाललेत. पुस्तकात धनाग्र आणि ऋणाग्र, क्लासच्या सरांच्या तोंडी ॲनोड आणि कॅथोड. "दोन्ही एकच, पाठ करा" असं सांगून सर पुढे गेले. इथवर ठीक होतं. काल इंजिनिअरिंगच्या मामेभावाने फोनवर बोलता बोलता सांगितलं की टॉर्चच्या सेलमध्ये जस्त हे ॲनोड. आता जस्ताचं टोक म्हणजे सेलचा मायनस, हे चिरंजीवांना पक्कं ठाऊक. तेव्हापासून माझ्यामागे भुणभुण: "आई, धनाग्र ऋण कसं असेल?" मी पडले कॉमर्सवाली. हा घोळ शब्दाचा आहे की विज्ञानाचा? आणि जाता जाता, अपघटन, विघटन, विचरण हे तिन्ही एकच का?

खडूफळा:
ताई, तुमच्या मुलाला माझ्याकडून शाबासकी. तीस वर्षं विज्ञान शिकवलं, हा प्रश्न दोनदाच आला असेल. घोळ शब्दाचा आहे, विज्ञान जागेवर आहे.

मोरचुदाच्या पाण्यात तांब्याच्या दोन पट्ट्या बुडवून बॅटरी जोडली, तर प्लसला जोडलेली पट्टी ॲनोड. प्रवाह बाहेरून द्रावणात तिथून शिरतो. व्याख्या एवढीच: प्रवाह जिथून आत शिरतो तो ॲनोड, जिथून बाहेर पडतो तो कॅथोड. इथे धनाग्र हे नाव चपखल बसतं, आणि शाळेत बहुतेक वेळ हीच मांडणी असते, म्हणून कुणाला खटकत नाही.

आता टॉर्चचा सेल घ्या. इथे वीज बाहेरून येत नाही, सेलच ती तयार करतो. सेलच्या बाहेर प्रवाह प्लसकडून बल्बमार्गे मायनसकडे जातो. मग वर्तुळ पुरं व्हायला सेलच्या पोटात तो मायनसकडून प्लसकडे जायला हवा. म्हणजे आत शिरतो तो जस्तापासून. म्हणून जस्त ॲनोड, आणि तरीही मायनस. वरच्या वर्गात हेच वेगळ्या शब्दांत येतं: ऑक्सिडीकरण होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटतात, तो ॲनोड; क्षपण होतं, म्हणजे इलेक्ट्रॉन घेतले जातात, तो कॅथोड. दोन्हीकडे लागू पडतं.

परीक्षेत मात्र त्याला पुस्तकातलंच लिहू दे. विद्युत अपघटनाच्या प्रश्नात ते बरोबरच आहे.

तीन शब्दांचं म्हणाल तर ते एक नाहीत. मीठ पाण्यात विरघळलं की सोडिअम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सुटे होतात, ते विचरण. त्याला वीज लागत नाही. वीज सोडून पदार्थ मोडला, पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन झाले, ते विद्युत अपघटन. केळ्याची सालं खड्ड्यात कुजतात ते विघटन. वर्गात पोरं हटकून 'विद्युत विघटन' लिहायची. अर्थ कळतो म्हणून मी गुण कापत नसे, लाल पेनाने गोल मात्र करायचो.

बोरूबहाद्दर:
सर, यातली गंमत अशी की ज्याने मूळ शब्द घडवला त्याला नेमकं 'धन' आणि 'ऋण' टाळायचं होतं.

मायकेल फॅरडेने १८३४ मध्ये हे शब्द छापून आणले. तोवर सगळे 'धन ध्रुव' आणि 'ऋण ध्रुव' म्हणत. ध्रुव म्हटलं की तो काहीतरी ओढून घेतो अशी कल्पना आपोआप येते, आणि फॅरडेला ती मान्य नव्हती. त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या पंडिताला पत्र घालून शब्द मागितले. ह्यूएलने ग्रीकमधून काढून दिलं: 'होडॉस' म्हणजे वाट, 'ॲना' म्हणजे वर, 'काटा' म्हणजे खाली. वर जाणारी वाट आणि खाली जाणारी वाट. फॅरडेची कल्पना सूर्यावरून होती. प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे जातोय असं धरायचं. ॲनोड म्हणजे उगवतीची बाजू, कॅथोड मावळतीची. उद्या विजेबद्दलची मतं बदलली तरी शब्द खोटे पडू नयेत, ही त्याची काळजी होती.

आपण मराठीत आणताना काय केलं? वाट काढून टाकली आणि धन परत बसवलं. 'अग्र' म्हणजे टोक, तेवढं ठीक. पण 'धन' लावल्यावर शब्द एकाच मांडणीला बांधला गेला. मला विचाराल तर 'उदयाग्र' आणि 'अस्ताग्र' शोभले असते. अर्थात हे सुचायला आता फार उशीर झालाय.

उलट 'आयन' बघा. तोही फॅरडेचाच, ग्रीकमध्ये अर्थ 'जाणारा'. आपण तो नुसता उच्चारावरून उचलला, पण संस्कृतमध्ये 'इ' म्हणजे जाणे हा धातू आहे आणि त्यापासून 'अयन' होतं. उत्तरायणातलं, दक्षिणायनातलं. ग्रीक आणि संस्कृत शब्दांचं मूळ एकच. म्हणजे पाहुणा म्हणून आलेला शब्द दूरचा भाऊबंद निघाला! 'विचरण'ही 'चर्' म्हणजे फिरणे यातून आलाय, तेव्हा ते घडवणाऱ्याला मात्र माझा नमस्कार.

टाकीवाला:
मी भोसरीला प्लेटिंगमध्ये आहे. आमच्याकडे धनाग्र कुणी म्हणत नाही. जॉब, म्हणजे ज्या वस्तूवर थर चढवायचा ती, मायनसला, निकेल प्लसला. निकेलच्या तुकड्यांना ॲनोड म्हणतो, पण जॉबला कॅथोड कधी म्हणत नाही, जॉबच म्हणतो. नवीन पोराने उलटं जोडलं की जॉबवर काही चढायच्या ऐवजी जॉबच झिजायला लागतो. एकदा एवढी चूक झाली की प्लस-मायनस जन्मभर लक्षात राहतं.

मला दुसरंच खटकतं. शाळेच्या पुस्तकात कल्हई, जस्त विलेपन, विद्युत विलेपन ही नावं एका ओळीत येतात, आणि पोरांना वाटतं सगळीकडे करंटच. कल्हईत करंट नसतो. भांडं भट्टीवर तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघाला की कथलाची कांडी टेकवायची आणि चिंधीने फिरवायचं. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून भात्यावरच्या कोळशांवर काम होतं. पुण्याच्या तांबट आळीत लहानपणी तासन् तास उभा राहून पाहिलंय.

गॅल्व्हनाइझचा पत्रा तर त्याहून फसवा. नाव पडलं गॅल्व्हानीवरून, बेडकाच्या तंगड्या आणि विजेवाला. पण छपराचा पत्रा साधारण ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. नावात वीज, कामात वीज नाही. करंटने जस्त चढवतात ते नट-बोल्टवर, त्याला आम्ही झिंक प्लेटिंग म्हणतो.

बोरूबहाद्दर:
वा टाकीवाले! मग 'मुलामा' कुठे बसतो? शब्द अरबी, मुळात चकाकण्याचा. गिलीट हा इंग्रजी 'गिल्ट'चा मराठी अवतार. आणि आजीच्या तोंडचं 'सोन्याचं पाणी दिलेलं'?

टाकीवाला:
मुलामा कसाही देतात, त्या शब्दावरून पद्धत कळत नाही. 'पाणी' आमच्याकडे अजून म्हणतात, विशेषतः सोनार. पण लोहाराने पहारेला पाणी दिलं तर ते वेगळं: लालबुंद तापवून पाण्यात बुडवणं. तिथे काही चढत नाही, टोक कडक होतं.

खडूफळा:
चढण्यावरून आठवलं. एक अँपिअर प्रवाह तासभर सोडला तर ऋणाग्रावर चांदी साधारण ४ ग्रॅम बसते, मोरचुदातून तांबं साधारण १.२ ग्रॅम. हे इतकं नेमकं असतं की १९०८ मध्ये आंतरराष्ट्रीय अँपिअरची व्याख्याच चांदीवरून ठरवली होती: सेकंदाला ०.००१११८ ग्रॅम चांदी बसवेल तो एक अँपिअर. प्रवाह मोजायला तराजू! मुलांना हे सांगितलं की डोळे मोठे होतात.

ताई, घरी करून बघायचं तर बटाटा घ्या. कापून त्यात तांब्याच्या दोन तारा एकमेकींना न चिकटवता खुपसा, नऊ व्होल्टची बॅटरी जोडा आणि अर्धा तास विसरून जा. प्लसच्या तारेभोवती हिरवट निळा डाग येतो, तारेतलं तांबं आयन होऊन बटाट्यात उतरतं. मिठाच्या पाण्याचा प्रयोग मात्र घरात नको, प्लसकडे क्लोरीन सुटतो.

सोनचाफा:
सगळ्यांचे आभार. क्लोरीनचा सल्ला एक दिवस उशिरा पोचला, सर. दोन्हीकडून टोक काढलेल्या पेन्सिली आणि मिठाचं पाणी परवाच झालं, आणि स्वयंपाकघरात पोहण्याच्या तलावासारखा वास सुटला. खिडक्या उघडल्या, पाणी मोरीत ओतलं. बटाट्याचा प्रयोग आज केला. डाग आला, पण चिरंजीवांनी बॅटरी डब्यात लपवून मला प्लस ओळखायला लावला. जमलं.

धनाग्राचं त्याला पटलं. वहीत पुस्तकातलं लिहिलंय, समासात बारीक अक्षरात 'सेलमध्ये उलटं' असंही लिहिलंय. आता नवीन भुणभुण: त्या पेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं, मग शिसपेन्सिल का? त्यासाठी वेगळा धागा काढते.