बड्या हिरोंच्या पोरांना मराठीत काय म्हणायचं? वारस, वंशज की अजून काही?

गोदाकाठ:
मंडळी एक शब्द हवाय. आम्ही सहा जण दर रविवारी आनंदवल्लीला एका मित्राच्या गच्चीवर डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. व्हिडिओ गेम नाही हो, कागद, पेन्सिल, 20 बाजूंचा फासा आणि तोंडाची बडबड, 1974 पासून चालत आलेला खेळ आहे. आमची जुनी मोहीम संपली, सगळ्यांची पात्रं विसाव्या लेव्हलला पोचली, त्याच्यावर लेव्हलच नाही. आता डीएम म्हणतो (गोष्ट चालवणारा, आमच्यात त्याला सूत्रधार म्हणतात) की वीस वर्षं पुढे जाऊ आणि याच हिरोंची पोरं खेळू. आम्ही शक्यतो सगळं मराठीत खेळतो त्यामुळे या पोरांना एक शब्द पाहिजे. मी "वारस" म्हटलं तर दोघांनी नाक मुरडलं, "वंशज" म्हटलं तर सात पिढ्या उलटून गेल्यासारखं वाटतं. सुचवा.

सातबारा:
वारस नकोच. आमच्या घरच्या जमिनीची वारस नोंद लावताना तलाठ्याकडे इतके हेलपाटे घातलेत की हा शब्द मला झोपेतही कळतो. वारस लागायला आधी कोणीतरी जावं लागतं राव. मृत्यूचा दाखला, मग अर्ज, मग फेरफार, मग उताऱ्यावर नाव. तुमचे हिरो गेले का?

गोदाकाठ:
नाही ना, सगळे ठणठणीत आहेत, हाच घोळ आहे. माझ्या पोरीची आई मोठी जादूगारीण, एका मंत्रात आभाळातून उल्का पाडायची, आता एका गावात खानावळ चालवते. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत विसाव्या लेव्हलला पोचायला 3,55,000 अनुभवाचे गुण लागतात, ते आईनं मिळवले, पोरीच्या कागदावर शून्य. पोरगी पण जादूगारीणच, सुरुवातीला हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा) सहा-सात, म्हणजे रस्त्यावरचं कुत्रं दोन-तीनदा नीट चावलं तर आडवी. आईकडून मिळालं काय तर नाव, आणि आईचे दुश्मन.

सव्वाशेर:
मग "सवाई" म्हणा की. सव्वापट, 1.25. जुन्या काळी धान्य उसनं द्यायचे ते सवाईनं किंवा दिढीनं, म्हणजे मणाला परत घेताना सव्वा मण नाहीतर दीड मण. तिथनं मग माणसाला लागला, आधीच्यापेक्षा वरचढ तो सवाई.

सातबारा:
पण पोरगी कुत्र्याला हरते म्हणताहेत ते, सवाई कुठनं?

सव्वाशेर:
तेच तर! सवाई माधवरावांचं बघा. नारायणरावांचा खून 1773 च्या ऑगस्टमध्ये, हे जन्मले एप्रिल 1774 मध्ये, आणि पेशवाईची वस्त्रं मिळाली तेव्हा वय चाळीस दिवस. चाळीस दिवसांच्या बाळानं काय पराक्रम केला होता? नाव आधी चिकटलं. तेही बापावरून नाही, तुलना चुलत्याशी, थोरल्या माधवरावांशी. आणि गोदाकाठराव, तुम्ही ज्या आनंदवल्लीत बसून फासे टाकता तिचं नाव ज्या आनंदीबाईंवरून पडलं ना, त्यांच्या नवऱ्याला हवी असलेली पेशवाई ह्याच बाळानं नेली. शब्द तुमच्या गच्चीखालीच पडलाय.

गोदाकाठ:
हे लई भारी, सूत्रधाराला पाठवतो. पण बाळाचं पुढे बरं झालं नाही, एकविसाव्या वर्षी शनिवारवाड्यातनं पडून गेले, पहिल्याच दिवशी पोरांना हा शकुन द्यायचा का असं वाटतंय.

अनुस्वार:
संस्कृतात यासाठी शब्द नाही, अख्खी सोयच आहे, अपत्यप्रत्यय म्हणतात. नावाचा पहिला स्वर फुगतो आणि शेपूट बदलतं. कुंतीचा कौंतेय, सुमित्रेचा सौमित्र, सुभद्रेचा सौभद्र म्हणजे अभिमन्यू, दशरथाचा दाशरथी. आणि बघा यात आईचं नाव किती वेळा येतं! कर्णाला राधेय म्हणतात, जन्म दिला कुंतीनं पण वाढवलं राधेनं, म्हणजे हा प्रत्यय रक्त बघत बसत नाही. सहा कृत्तिकांनी दूध पाजलं म्हणून कार्तिकेय. तुमच्या पोरांना एक सामाईक शब्द कशाला, प्रत्येकाला त्याच्या आईबापाच्या नावावरून पाडून द्या. अभिमन्यूवरून आठवलं, चक्रव्यूहात शिरायचं पोटातच शिकला, बाहेर पडायचं राहिलं. तुमच्या खेळात बसवा हे, आईचा एक मंत्र पोरीला येतो पण अर्धाच.

गोदाकाठ:
अर्धा मंत्र नक्की घेणार. प्रत्ययाचं मात्र अवघड आहे ताई, आमच्यातल्या एकाच्या हिरोचं नाव बंड्या होतं. बांड्येय?

अनुस्वार:
😂 बांडेय. ऐकायला वाईट नाही.

दिवेलागण:
आणि पोरगं नालायक निघालं तर? त्याला आपल्याकडे तयार शब्द आहे, "सूर्यापोटी शनैश्वर". बाप तेजस्वी, पोराची साडेसाती गावाला. घराणेशाही, बड्या बापाचा बेटा, हे पण चालतील पण त्यात जळफळाट आहे, शनैश्वरात दरारा आहे. मी खेळले असते तर तेच कॅरेक्टर घेतलं असतं.

पंचवटीकर:
शब्द नंतर, आधी एक वस्तू सुचवतो. रामकुंडावर आमच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या असतात, गाव आणि आडनाव सांगितलं की बाड उघडतात आणि तुमचा पणजोबा कधी आला होता, बरोबर कोण होतं, ते निघतं, कधी त्याची सहीपण. मी माझ्या आजोबांची सही तिथंच पहिल्यांदा बघितली, मोडीत, अगदी थरथरती, कारण वडिलांचे अस्थी घेऊन आले होते ते. तुमच्या सूत्रधाराला सांगा अशी एक वही करायला, जुन्या सहा हिरोंनी कुठल्यातरी घाटावर केलेल्या सह्या, आणि खाली कोऱ्या ओळी पोरांसाठी.

आणि शब्दाचं म्हणाल तर वही उघडायच्या आधी गुरुजी काय विचारतात? "कोणाचे तुम्ही?" गावी पारावरची म्हातारी माणसं पण हेच विचारतात, कोणाचा रे तू? "तुझं नाव काय" नंतर येतं, कधी येतही नाही. उत्तर काय द्यायचं, तर थोरल्या बापूंचा, मधल्या काकूंची. मला वाटतं ताई म्हणतात तो अपत्यप्रत्यय मराठीत हाच झालाय, चा ची चे. कागदावर वर "कोणाची:" एवढंच छापा आणि पुढे जागा सोडा. वारसात मिळकत येते, सवाईत स्पर्धा येते, यात नुसतं उत्तर द्यावं लागतं.

सातबारा:
हे पटलं. फेरफार नको, काही नको.

सव्वाशेर:
सवाई मोहिमेच्या शेवटाला राखून ठेवा, जो टिकेल त्याला.

गोदाकाठ:
काल पहिला डाव झाला. कागदावर "कोणाची" छापलं, वही पण केली, चहात बुडवून जुनी केलेली, अजून वास येतोय. सूत्रधारानं पहिलाच सीन वेशीवर घेतला, पहारेकरी भाला आडवा धरून विचारतो, कोणाची गं तू? आता आईचं नाव घेतलं असतं तर दार उघडलं असतं पण दुश्मनांनाही कळलं असतं. म्हणून मी म्हटलं, आज्जीची.

सगळे गप्प. मागच्या मोहिमेत आम्ही सहाच्या सहा जणांनी आपापला हिरो अनाथ लिहिला होता, जळलेलं गाव, मेलेले आईबाप, सगळे तेच करतात. सूत्रधारानं सहाही जुने कागद काढून चाळले, आज्जीचं नाव कुठेच नाही. शेवटी म्हणाला थांबा दहा मिनिटं, आणि खाली मिसळ सांगायला गेला.