निवृत्तीच्या खात्यात खरं सोनं: शहाणपण की हौस?

एडिसनचा_आप्पा:
वय ६१, मुक्काम न्यू जर्सी. जुन्या नोकरीतलं ४०१के (कंपनीमार्फतचं निवृत्ती खातं) सेल्फ-डायरेक्टेड आयआरएत, म्हणजे कशात गुंतवायचं ते आपणच ठरवायच्या वैयक्तिक निवृत्ती खात्यात, वळवतोय आणि त्यातल्या १५ टक्क्यांचं खरं सोनं घ्यायचं म्हणतोय. नाणी आणि बार, डेलावेअरच्या डिपॉझिटरीत (सोनं सांभाळणाऱ्या संस्थेच्या तिजोरीत). २००८ मध्ये एस अँड पी (अमेरिकी शेअर निर्देशांक) ३७ टक्के आपटला, सोनं मात्र वर्षअखेर थोडं वरच होतं. २०२२ मध्ये शेअर आणि बाँड एकदमच पडले, सोनं जागचं हललं नाही. नोकरी चालू असताना बाजार पडला तर वाट बघता येते. निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी पडला, तर घरखर्चासाठी पडेल भावात शेअर विकावे लागतात. तेव्हा विकायला दुसरं काहीतरी हाताशी हवं. पटत नसेल तर कारणं सांगा, टोमणे नकोत.

तोळामासा:
मुद्दा मान्य, मार्ग अमान्य. जीएलडीसारखा ईटीएफ (सोन्याच्या भावाबरोबर चालणारा, शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड) साध्या आयआरएत बसतो, खर्च वर्षाला ०.४० टक्के. तुमच्या वाटेने गेलात की खातं उघडायची फी, कस्टोडियनची (खातं सांभाळणाऱ्या संस्थेची) वार्षिक फी, तिजोरीचं भाडं, आणि सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे खरेदी-विक्रीच्या भावातला फरक. त्यात विक्रेते गोड बोलून 'प्रूफ' नाणी (संग्राहकांसाठीची चकचकीत) गळ्यात मारतात. त्यांचा भाव सोन्याच्या वजनापेक्षा कितीतरी चढा. आणि १९८० च्या जानेवारीत औंसाला ८५० डॉलर देऊन घेणाऱ्याला तो भाव परत दिसायला २००८ उजाडलं. २८ वर्षं, व्याज शून्य!

एडिसनचा_आप्पा:
शिखर पकडून काहीही सिद्ध करता येतं. २००१ मध्ये औंसाला ३०० डॉलरही नव्हते, २०२५ च्या ऑक्टोबरात ४००० ओलांडले.

तोळामासा:
आणि तुम्ही तळ पकडलात. फिटंफाट.

डॅलसची_मावशी:
आप्पा, भाडं कशाला भरताय? एलएलसी (छोटी खाजगी कंपनी) काढायची, तिच्या नावाने नाणी घ्यायची आणि घरच्या तिजोरीत ठेवायची. रेडिओवर जाहिरात असते की.

हिशेबनीस:
मावशी, तेवढं करू नका. २०२१ च्या मॅकनल्टी खटल्यात अगदी हेच झालं होतं: एलएलसी, अमेरिकन ईगल नाणी, घरची तिजोरी. टॅक्स कोर्टाने ती रक्कम खात्यातून काढलीच असं धरलं आणि कर लावला. सोनं बँकेकडे किंवा आयआरएसने (अमेरिकेच्या कर खात्याने) मान्य केलेल्या कस्टोडियनच्याच ताब्यात हवं. शुद्धता किमान ९९.५ टक्के. म्हणून दक्षिण आफ्रिकेचं २२ कॅरेटचं क्रुगररँड नाणं बाद. ईगलसुद्धा २२ कॅरेटचंच, पण कायद्याने त्याला सूट दिलीय, म्हणून चालतं. पाटल्या-बांगड्यांचं विचारूच नका.
आप्पा, तुमचा जन्म १९६० नंतरचा, म्हणजे ७५ व्या वर्षापासून दरवर्षी ठरावीक रक्कम काढावीच लागेल. बारचा तुकडा तोडून देत नाहीत. एक तर विका, नाहीतर नाणी हातात घ्या आणि त्या दिवशीच्या भावाने उत्पन्नावर कर भरा.

एडिसनचा_आप्पा:
दुसरं साधं आयआरए आहे ना! दोन्हींची मिळून जी रक्कम निघेल ती सगळी तिथून काढता येते. सोन्याला हात लावायची गरज नाही.

हिशेबनीस:
बरोबर. फक्त त्या दुसऱ्या खात्यात तेवढा पैसा उरला पाहिजे. शेअर पडलेल्या वर्षी तिथूनच काढलंत, तर तुमचा मूळ मुद्दाच बारगळला.

एडिसनचा_आप्पा:
अशा वर्षी नाणी विकेन. म्हणूनच बार कमी आणि एक औंसाची ईगल जास्त घेतोय. तरी ईटीएफ नको. तो विकला की डॉलर मिळतात, आमच्यासारख्या किरकोळ गिऱ्हाइकाला सोनं कोणी देत नाही.

तोळामासा:
वाणसामान डॉलरनेच आणणार ना? असो. विक्रेत्याकडून एकच गोष्ट लेखी घ्या: आज एक ईगल कितीला देता आणि आजच कितीला परत घ्याल? दोन्ही आकडे इथे टाका, मग बोलू.

एडिसनचा_आप्पा:
सोमवारी फोन करतो. मावशी, तुम्ही तिजोरी घेऊ नका तोवर.