'निरोधी' नको, तर मग काय?

तळटीप : ज्येष्ठ रुग्णांसाठीच्या एका माहितीपत्रकाचा अनुवाद करतेय. उठून उभं राहिल्यावर रक्तदाब पडून चक्कर का येते, हा विषय. त्यात मेंदूच्या देठातलं 'गाबा' हे रसायन येतं. त्याला मी 'निरोधी चेतापारेषक' म्हटलं. चेता म्हणजे मज्जातंतू; तिचा निरोप पुढच्या पेशीला देऊन तिला आवरणारं ते रसायन. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "निरोध? म्हाताऱ्यांच्या पत्रकात?" तिच्या पिढीने हा शब्द कुटुंबनियोजनाच्या पाट्यांवर वाचलाय. पर्याय सुचवा.

मोडीवाचक : शब्द सोडू नका. योगसूत्रांतलं दुसरंच सूत्र 'योगश्चित्तवृत्तिनिरोधः'. चित्त आणि चेता, दोन्ही 'चित्' धातूचे. पाट्यांनी बळकावला म्हणून इतका जुना शब्द टाकायचा?

वारणाकाठ : पत्रक आजी वाचणार आहे. आमच्याकडे चूल चेतवतात, दूध निववतात. ग्लुटामेट हे दुसरं रसायन पुढच्या पेशीला चेतवतं, गाबा तिला निववतं. झालं की!

भूलतज्ज्ञ : 'निववणं' गोड आहे, पण वाक्यात घालून बघा. मानेत बोटाला ठोका लागतो, तिथेच जरा वर धमनीला फाटा फुटतो. रक्तदाबाने तिथली भिंत ताणली की मेंदूच्या नवव्या चेतेतून खबर लंबमज्जेत, म्हणजे मेंदूच्या देठाच्या खालच्या भागात, जाते. पहिल्या थांब्यावर ग्लुटामेट सुटतं. पुढचा थांबा गाबा सोडतो, तेही रक्तवाहिन्या सतत आवळून धरायला लावणाऱ्या पेशींवर. त्या आवरल्या जातात, दाब उतरतो. उभं राहिल्यावर उलट. अर्धा-पाऊण लिटर रक्त खाली उतरतं, भिंतीवरचा ताण घटतो, गाबा कमी सुटतं आणि त्या पेशी मोकळ्या होऊन दाब सावरतात. म्हणजे पत्रकात सांगायचंय ते गाबा कमी होण्याबद्दल. 'निववणं कमी झालं' यातून रुग्णाला काय कळणार? 'लगाम ढिला झाला' म्हणा.

तळटीप : लगाम चांगला आहे. पण लगाम कुणाच्या तरी हातात असतो. इथे हात कुणाचा?

मोडीवाचक : शिवाय फारसी. 'रोधक' घ्या.

वारणाकाठ : फारसी म्हणून लगाम नको, तर 'जमीन'ही सोडावी लागेल.

परीक्षानळी : ओटो लोवीने 1921 मध्ये बेडकाच्या एका हृदयाची व्हॅगस चेता उत्तेजित केली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, तेही मंदावलं. चेता रसायनातून बोलते, याचा हा पुरावा. त्या रसायनाला त्याने नाव दिलं 'व्हॅगसस्टॉफ', म्हणजे नुसतं 'व्हॅगसचं द्रव्य'. पुढे ते अ‍ॅसिटिलकोलीन ठरलं आणि 1936 मध्ये हेन्री डेलसोबत त्याला नोबेल मिळालं. साध्या शब्दाने काही अडलं नाही. आणि व्हॅगस म्हणजे लॅटिनमध्ये 'भटका', मानेतून हृदय, फुप्फुसं, पोटापर्यंत हिंडणारा. आपण त्याला 'प्राणेशा' करून मोकळे झालो!

मोडीवाचक : हृदयाचा ठोका आवरणाऱ्या चेतेला प्राणांची स्वामिनी म्हणण्यात काय चुकलं? तुमच्या 'भटक्या'तून हृदयाचा पत्ता तरी लागतो का?

वारणाकाठ : तळटीप, आधी ते 'चक्कर' बदला. चक्करेत घर फिरतं. उठल्यावर येते ती अंधारी. माझी आजी चुलीपुढून उठताना एक हात गुडघ्यावर, दुसरा भिंतीला लावायची आणि तशीच अर्धवट वाकून म्हणायची, "थांब रं, अंधारी सरू दे." मग पदर सावरून चालू लागायची.

भूलतज्ज्ञ : हा फरक फार मोलाचा आहे. मी रुग्णाला हेच विचारते, "खोली फिरते की डोळ्यांपुढे काळोख येतो?" फिरत असेल तर बहुतेकदा कानाकडे बघावं लागतं. काळोख येत असेल तर आडवं असताना आणि मग उभं करून तीन मिनिटांत रक्तदाब मोजायचा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने पडला, तर तो हाच आजार.

तळटीप : मग शीर्षकातच 'अंधारी' घालते. पण विदर्भातल्या वाचकांना चालेल का?

परीक्षानळी : मी अमरावतीचा. आमच्या घरी 'भोवंड' म्हणायचे, दोन्हीला.

मोडीवाचक : भोवंड 'भ्रम्'वरून, म्हणजे फिरणंच. अंधारीला कशी चालेल?

वारणाकाठ : आणि झीट? तिच्यात तर माणूस पडतो.